पोटातलं दूध आणि पोटातलं दुःख

रोजनिशी, दि. ९ जानेवारी

सकाळी फिरून आलो. कपडे वाळत घातले. डॉक्टरांकडे गेलो. दुपारी लेकीचा फोन. पोट शांत.

ती. अक्का यांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात की अजून रुसलेलेच आहेत, ते कळवावे.

तुमची भाची रविवारी मला न्यायला येते आहे. घराला कुलूप लावायचं आणि मी कायमचं तिच्याकडे राहायचं, असा तिचा बेत. तिच्या मते आई गेल्यापासून बाबांनी दुःख पोटात धरलंय. पोटात काहीतरी होतं हे खरं, पण ते दूध होतं.

झालं असं, की ही गेल्यावर मला जेवण जाईना. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, दूध तरी घ्या, हलकं असतं. समोरच्या शिवणकामवाल्या बाई तर पेला रिकामा झाल्याशिवाय खुर्चीवरून उठत नसत. दुधाने पोट बिघडे. पोट बिघडलं म्हणून आणखी हलकं, म्हणजे आणखी दूध. (सायीसकट. साय ताकद देते म्हणे.) त्यातच ऑफिसचे जुने साहेब भेटायला आले आणि सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं केलं. त्या शांततेत माझ्या पोटातून असा आवाज निघाला, की साहेबांना तो हुंदका वाटला. त्यांनी माझी पाठ थोपटली. मग दुसरा निघाला. तेव्हा साहेबच रडू लागले. लेकीने त्या संध्याकाळीच तिच्या घरी माझ्यासाठी खोली रंगवायला काढली.

मी जन्मभर विजेचे मीटर तपासले. बिघाड सापडत नसला, की एका वेळी एकच तार सोडवून बघायची, ही आमची रीत. तसंच केलं. नुसतं दूध घेतलं, तर दुपारपर्यंत पोटाचा नगारा झाला. मग दूध बंद करून दही खाल्लं. काही नाही. चीज खाल्लं, तरी काही नाही. हुरूप येऊन कोपऱ्यावर आइस्क्रीम खाल्लं आणि चपला हातात घेऊन घर गाठलं. (शिवणकामवाल्या बाई वाटेत ‘काय झालं हो?’ विचारत होत्या. थांबणं शक्य नव्हतं.)

डॉक्टर हसले. म्हणाले, ‘अहो, तुम्ही वासरू नाही!’ दुधातली साखर पचवणारा रस वाढत्या वयात पुष्कळांचा आटतो. दह्यात त्या साखरेचा थोडा फडशा विरजणाने आधीच पाडलेला असतो, कडक चीजमध्ये ती फारशी उरतच नाही आणि आइस्क्रीम म्हणजे गोठवलेलं दूधच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत हिने मला पेलाभर दूध कधी दिलंच नाही. मागितलं की, ‘दूध संपलं, दही घ्या.’ मला वाटे दूधवालाच माप मारतो. त्याच्याशी दोनदा भांडलोसुद्धा. ही आत ऐकत असायची, पण एका शब्दाने बोलली नाही.

लेकीला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, ‘बाबा, डॉक्टरांना तुम्हीच पढवलंय.’

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की ती फक्त तुमचं ऐकते. रविवारच्या आत तिला एक फोन करा आणि सांगा, बाबा दुधाने आजारी होते, आता बरे आहेत, त्यांना त्यांच्या घरी राहू दे. खोलीला रंग चांगला दिलाय, आठ दिवस पाहुणा म्हणून जाईन.

पुन्हा ता. क. काल मी लावलेलं दही पहिल्यांदाच घट्ट लागलं. जेवताना मी समोरच्या हिच्या रिकाम्या जागेकडे बघून मोठ्याने म्हणालो, ‘आज जमलंय बघ.’ मग ताट तसंच सारून उठलो. पोटाला काहीही झालेलं नव्हतं. हे लेकीला सांगू नका. इथे निदान कुणाला म्हणालो ते मला ठाऊक असतं, तिच्याकडच्या नव्या खोलीत कुणाला म्हणणार?

विरजणासाठी ठेवलेलं दूध वर आलंय. उठून गॅस बंद करतो.