सातनंतर फोन नाही

कुंदन,

दोनदा दार वाजवलं. तू फोनवर बोलता बोलता नुसता हात हलवलास, म्हणून लिहून ठेवतेय. खिचडी कुकरमध्ये आहे.

सकाळी भाजीबाजारात मनीषा भेटली, तुझ्या टीममधल्या नवनाथची बायको. माझे हात धरून म्हणाली, “सरांनी सातनंतर कुणाला कामाचा फोन करायचा नाही असा नियम केला, तेव्हापासून हे रोज संध्याकाळी माझे असतात. कणीकसुद्धा मळून देतात!” मी हसले. सातनंतर सगळ्यांच्या वाटचे फोन तू एकटा घेतोस, हे काही तिला सांगितलं नाही. पण इतका जळफळाट झाला की घेतलेली कोथिंबीर तिथेच विसरून आले. खिचडीवर नाहीये, बोलू नकोस.

रोज दोघं गंगापूर रोडच्या मैदानावर बॅडमिंटन खेळतात म्हणे. आपल्याही रॅकेट्स आहेत, लग्नापासून माळ्यावर. आज काढल्या. एक घेऊन मी त्यांच्याकडे चाललेय. दुसरी तुझ्या चपलांजवळ ठेवलीय.

यावंसं वाटलं तर ये. मैदान सापडलं नाही तर नवनाथला मात्र फोन करू नकोस. सात वाजून गेलेत, आणि नियम तुझाच आहे.

दिशा