एकही पान वगळता येणार नाही

२ फेब्रुवारी. सकाळ.
निवृत्त होऊन महिना झाला. आजपासून वाचन. छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात जन्म गेला. लोकांची पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. वाचायला सवड म्हणून मिळाली नाही. आता आठवड्याला दोन पुस्तकं, आणि प्रत्येकावर इथे परखड अभिप्राय. परखड माणसांची आज फार टंचाई आहे. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, आधी गीझरवाल्याला फोन करा.

५ फेब्रुवारी.
एका उद्योगपतीचं आत्मचरित्र. कागद उत्तम, शिलाई पक्की, माणूस पोकळ. एकवीस पानं झाली तरी हा जन्मालाच येत नाही. पुढे काय होणार ते उघड आहे: श्रीमंत होणार. मिटलं. दहापैकी चार, त्यातले तीन शिलाईचे.

११ फेब्रुवारी.
रहस्यकथा. खुनी माळी आहे हे पाचव्या पानावरच ओळखलं, त्यामुळे पुढे वाचण्यात अर्थ नव्हता. वाचनालयात परत करताना ग्रंथपाल बाईंना तसं बोललो. त्या म्हणाल्या, माळ्याचा तर दुसऱ्या प्रकरणातच खून होतो. लेखकाची चूक. हल्ली कोणाला धड कथानक रचता येत नाही.

१९ फेब्रुवारी. दुपार.
कवितासंग्रह. पानावर चार ओळी, बाकी सगळं मोकळं मैदान. कागदाची निव्वळ नासाडी. एका दमात संपवली. पहिली कविता.
गीझरवाल्याचा नंबर सापडत नाही.

२७ फेब्रुवारी.
कुरिअर आलं. मुलीची कादंबरी. पाकिटावर नाव माझं, आईचं नाही. हे महत्त्वाचं.
चार वर्षांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली, लिहायचं म्हणून. पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो, की छापलेली पुस्तकं टेम्पो भरभरून रद्दीत जाताना मी रोज बघतो, त्यात तुझं एक. खरं तेच बोललो. तेव्हापासून ती घरी आलेली नाही. फोन आईला. माझी फक्त तब्येत विचारते, तीही आईलाच. आता पुस्तक मला पाठवलं, म्हणजे चूक कळली.
बायको म्हणते, ती तुमच्या मताची वाट बघतेय, लवकर वाचा. वाचणार. हे मात्र अक्षर न् अक्षर.

४ मार्च.
चौदावं पान. एक मुलगी सायकल शिकते आहे. अजून शिकतेच आहे. पाठ जरा सैल बांधली आहे. पुस्तकाची. डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. अशा डोळ्यांनी मुलीचं पुस्तक वाचणं म्हणजे तिच्यावर अन्याय.

९ मार्च.
बायको पुस्तक मागत होती. दिलं नाही. मी वाचतो आहे, मध्येच काढून घेतलं तर लिंक तुटते. चष्मेवाला पुढच्या आठवड्यात.

१२ मार्च. संध्याकाळ.
मुलीचा फोन. मला! वाचलंत का, म्हणाली. म्हटलं, हे काय विचारणं झालं? मग तिने विचारलं, मध्ये कुठे काही खटकलं का? मी सावध झालो. बाबा आता खोट काढणार, अशी तिची खात्री असणार. मन मोठं केलं. म्हटलं, काहीही नाही, एकसंध आहे, एका बैठकीत संपवलं. तिने पुन्हा विचारलं: मध्यावरसुद्धा नाही? म्हटलं, अगं, मध्य तर सगळ्यात भरीव. ती बरं म्हणाली आणि फोन आईला द्यायला सांगितला. आवाज बदलला होता. भरून आलं असणार. मलाही आलं.

१८ मार्च.
वाचनालयात तिच्या पुस्तकावर चर्चा ठेवली आहे. ती येणार, आणि रात्री घरीच राहणार. बायकोने तिची खोली झाडून घेतली, पलंगावर धुतलेली चादर घातली. ग्रंथपाल बाईंनी मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याआधी पुस्तक संपवणं सहज शक्य आहे.

२४ मार्च.
शक्य झालं नाही. भाषण तयार करण्यात वेळ गेला. भाषण उत्तम झालं आहे.

२५ मार्च. रात्री.
चर्चा झाली. मी बोललो. शेवटी आवाज चढवून म्हणालो, बाप म्हणून नव्हे, छापखान्यातला माणूस म्हणून सांगतो, या पुस्तकातलं एकही पान वगळता येणार नाही. टाळ्या.
मग ग्रंथपाल बाई उठल्या. म्हणाल्या, पहिल्या खेपेच्या प्रतींत मधली सोळा पानं कोरी गेली आहेत. वाचकांनी लगेच तक्रार केली म्हणून कळलं. कोणाकडे अजून तशी प्रत असेल तर बदलून घ्यावी. पहिल्या रांगेतला पोस्टमास्तर खो खो हसला. मुलगी हसली नाही. मला पाठवलेली प्रत पहिल्याच खेपेची होती, हे तिला ठाऊक होतं.
घरी आली नाही. मैत्रिणीकडे राहते म्हणाली. चादर तशीच आहे.

२६ मार्च.
चूक बाइंडिंगवाल्यांची. माझ्या खात्यात कोरा फर्मा कधी बाहेर गेला नाही. फर्मा म्हणजे एका कागदावर छापून घडी घातलेली सोळा पानं. पुस्तक हातात घेऊन अंगठ्याखालून पानं सोडली की कोरा भाग बोटालाच कळतो. छापलेल्या पानाला शाई असते ना, ते वेगळं सरकतं. बायकोला हे समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, त्या सोळा पानांत हेच आहे. तिच्याकडे बदललेली प्रत आहे, मुलीने काल वाचनालयात दिली. सुट्टीत तुम्ही तिला खात्यात न्यायचात, स्टुलावर उभं करून अंगठा कसा फिरवायचा ते शिकवायचात, ते सगळं आहे, म्हणाली. तिने बाबा फार चांगला लिहिला आहे.
मी ती प्रत मागितली. तुमचं वाचून झालंय ना, म्हणाली, आणि कपाटात ठेवून दिली.

त्याच दिवशी. दुपार.
माझी प्रत घेतली. अंगठ्याखालून पानं सोडली. अंगठा बरोबर कोऱ्या भागावर थांबला, अजूनही. मग ती सोळा पानं एकेक करून उलटली. मुलीच्या पुस्तकातला तेवढा भाग मी सबंध वाचला.