ओलं बोट

३ फेब्रुवारी
आले एकदाची सोलापुरात! टेंभुर्णीत टीव्ही-मोबाइल दुरुस्त करून जीव विटला होता. आता कुंडलिककाकांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात नोकरी आणि वरच माळ्यावर खोली. आजूबाजूच्या गल्ल्यांत यंत्रमागांचा खटखटाट. काका म्हणाले, दोन दिवसांत तो ऐकूच येईनासा होईल.

पहिलंच काम फक्कड आहे. विठाबाई मावशींचे यजमान ईश्वर भीमगीतांच्या पार्टीत सिंथ, म्हणजे विजेवरची पेटी, वाजवायचे. ते गेले, सिंथ राहिला. चाळीस वर्षांचा, जपानी. पार्टीला तो आता लॅपटॉपवरून वाजवायचाय. म्हणजे मागे दोन सॉकेट बसवायची: एकातून सूर कुठला ते बाहेरून सांगायचं, दुसऱ्यातून कधी वाजायचं ते.

४ फेब्रुवारी
ड्रिल लावायला गेले तर मागच्या पत्र्याला आधीच एक भोक, वर काळी चिकटपट्टी. पट्टी काढली. आतून एक तार आलेली, टोक मोकळं. 'कधी वाजायचं' त्याचीच. ईश्वरकाकांनी हा उद्योग आधीच केला होता तर! तारेचा सोल्डरचा जोड इतका सुबक की माणूस न बघताच आवडला.

तार जिवंत आहे का बघायची आम्हा दुरुस्तीवाल्यांची जुनी खोड: बोट जिभेला लावायचं, टोकाला टेकवायचं. गुणगुण आली की काम झालं. इथे ठक्, ठक् असे ठोके आले. माझी नाडीच वाजत होती! काका आणि मी पोट धरून हसलो.

५ फेब्रुवारी
बोट काढलं तरी ठोके थांबेनात. तार कापून टाकली, तरीही. जिना चढून आले की तेही धावतात. आज हसू आलं नाही.

६ फेब्रुवारी
उलटं झालंय. आधी सिंथ ठोकतो, मग छाती. वेगाचं बटण जरासं फिरवलं तर धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी. घाईनं परत फिरवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. मी भ्यालेय, खूप भ्यालेय.

७ फेब्रुवारी
सिंथ बंद करून बघितला. शुद्ध आली तेव्हा फरशीवर होते. पडताना कोपरानं बटण पुन्हा दाबलं गेलं, नाहीतर—

काकांनी विठाबाई मावशींना आणलं. पट्टी निघालेली बघून त्यांनी आधी माझी नाडी चाचपली. म्हणाल्या, ईश्वरकाका शेवटचं वर्षभर सिंथ बंदच करू देत नव्हते.

"दुपारी लाईट गेली, पोरी. ताटावर बसल्याबसल्याच मान टाकली त्यांनी. पट्टी मीच लावली व्हती. सांगाया पायजे व्हतं, पर मला शाणी कोन म्हनलं असतं?"

८ फेब्रुवारी, सकाळ
फोनवर संदेश: देखभालीसाठी आज दहा ते पाच वीज बंद. इथली दुकानं अकराशिवाय उघडत नाहीत. काका मेव्हण्याचा इन्व्हर्टर आणायला मंद्रूपला गेलेत.

९.४० — मावशी माझा डावा हात धरून बसल्यात. लिहिलं की ठोके जरा संथ पडतात, म्हणून लिहितेय.

९.५१ — काकांचा फोन. नाक्यावर आलेत.

९.५४ — पलीकडच्या गल्लीतले माग थांबले. दहा कुठे वाजलेत अजून—

मधल्या गल्लीतलेही.

शेजारचे चालू आहेत. खट खट. ऐकू येईनासा होईल म्हणाले होते काका. मला दुसरं काही ऐकूच—

दारात रिक्षा. काकाच. मावशी उठल्या. शेजारचे मा