काळ्या दोऱ्याची पत्रिका

२२ नोव्हेंबर २००१, गुरुवार

आज गोरेगावात बिऱ्हाड लावलं. बिऱ्हाड म्हणजे दोन बोचकी, एक कोंबडी अन् सात महिन्यांची गरवार नात, निता. दिवाळी झाली की माझा प्रेमदास अन् सून ऊसतोडीला गेले. सगळा तांडाच गेला. मागं राह्यल्या म्हाताऱ्या, कुत्री अन् पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली ही पोरगी. कुत्र्यांच्या भरवशावर बाळंतपण होत न्हाई. म्हणून मी जळबा गुरुजींच्या घरी सैपाकाला लागले.

गुरुजी पत्रिका करतात. वय नव्वदीच्या पुढं, घरात दुसरं कुणी न्हाई. काचबिंदूनं वरीस झालं दिसत न्हाई, पण कान तिखट. आमाला दोन वेळचं जेवण, राहायला खोली, अन् अंगणात नळ. फिरवला की पाणी. तीनदा फिरवून पाह्यला. आतून गुरुजींनी विचारलं, नळ कोण सोडून राहिलं? मी म्हणलं, कोंबडी.

बाजारातून जीप सेनगावला जाते, तिथं सरकारी दवाखाना हाय. सगळं बराबर जमलं.

ही वही निताची, सातवीतली. मागची पानं कोरी होती. साक्षरता वर्ग बंद पडला तवा मी जोडाक्षरांपर्यंत पोचले होते. शिकवणारी बाई म्हणली होती, आजी, रोज चार ओळी लिवा, न्हाईतर हात मोडंल. म्हणून लिहिते. कौतुकासाठी न्हाई.

२७ नोव्हेंबर

गुरुजींना कळलं की मला वाचता येतं. आता भाकरी थापून झाली की पंचांग घेऊन बसायचं. अक्षरं मी वाचायची, अर्थ त्यांनी लावायचा. बारीक छापलेलं, मुंग्यांची रांग जशी. लोक येतात, कुणाचं लगीन अडलेलं, कुणाची म्हैस हरवलेली. म्हशीची पत्रिका कशी काढतात म्हणून मी विचारलं. गुरुजी हसले न्हाईत.

३ डिसेंबर

पत्रिका शिकून राहिले. सोपी हाय. बारा घरांचा तांडा. पहिल्या घरात आपण, चौथ्यात माय, पाचव्यात लेकरं, सातव्यात नवरा, आठव्यात मरण. शनी म्हणजे चुलत सासरा. बसतो एका घरात, पण तिथूनच तिसऱ्या, सातव्या अन् दहाव्या घरावर डोळा ठेवतो. असला एक आमच्या तांड्यात होता.

गुरुजी म्हणले, वेळ पक्की पाह्यजे. दोन तासांत सगळी घरं सरकतात. घटकाभर इकडं तिकडं झालं की राजाचा भिकारी. मग माझी वेळ विचारली. मी म्हणलं, माय सांगायची, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवल्या अन् तू झालीस. त्या गोण्या सकाळी उतरवल्या का सांजच्याला, मायलाबी ठाव नव्हतं. तांड्यात कुणालाच वेळ नसते. जलमलो हेच पुष्कळ.

हे ऐकून गुरुजी खुशीत मान हलवत बसले. काहून, ते कळलं न्हाई.

११ डिसेंबर

आज लोखंडी पेटी उघडायला सांगितली. आत पत्रिकांच्या सुरळ्या. तांबड्या दोऱ्याच्या पुष्कळ, काळ्या दोऱ्याच्या थोड्या. गुरुजींनी काळ्या हातानं चाचपून मोजल्या. एकेचाळीस.

तांबड्या म्हणजे लोकांना दिल्या त्यांच्या नकला. काळ्या कसल्या, तेबी सांगितलं. एखाद्याच्या लेकीची पत्रिका वंगाळ निघाली की बाप पाया पडतो, वेळ जराशी सरकवा म्हणतो. गुरुजी सरकवतात. चांगली पत्रिका लेकीला जाते. अन् खऱ्या वेळेची, वंगाळ, ती उरते. ती काळ्या दोऱ्यात.

मी म्हणलं, चुलीत घालायची. ते म्हणले, चुलीत जात न्हाई.

निताच्या पायाला सूज हाय. खारं बंद केलंय.

१८ डिसेंबर

लिहू का नको असं झालं.

गुरुजी दुपारी झोपले तवा मी पेटी उघडली. नवं शिकलेलं माणूस दिसंल ते वाचतं. काळ्या सुरळ्यांवर नावाची जागा कोरी असंल म्हणून वाटलं होतं. कोरी न्हाई. मूळ नाव पात्यानं खरवडलेलं अन् वर गुरुजींच्या अक्षरात दुसरं. भीमसिंग. सेवा. हरिचंद. सगळी तांड्यांवरची, न्हाईतर वीटभट्टीवरची. सगळी वेळ नसलेली माणसं.

एकीवर हिरासिंग. नवऱ्याचं नाव घेत न्हाईत आमच्यात, पण हे लिहिलेलं होतं अन् मला वाचता येत होतं. आठव्या घराखाली लिहिलं होतं, पाण्यात. माझा नवरा पुसेगावच्या शिवारात विहीर खोदताना गेला. पट्टीचा पोहणारा. कमरेइतकं पाणी होतं.

सगळ्यात वरची सुरळी निताची. पाचव्या घरात शनी. आठव्यात मंगळ, रक्ताचा. खाली एकच ओळ. प्रथम प्रसूती, पुढे नाही.

१९ डिसेंबर

गुरुजींना चहा दिलाच न्हाई. आधी बोला म्हणलं. ते बोलले, बाजारभाव सांगावा तसं.

चार वरसांमागं निताचं लगीन ठरताना सासरच्यांनी पत्रिका मागितली होती. प्रेमदास इथं आला. वेळ ठाव न्हाई म्हणला. गुरुजी म्हणले, मी बसवून देतो. तीस गुण जुळले म्हणून आमी गूळ वाटला होता. त्या दिवशी त्यांनी ही काळी सुरळी तिच्या नावावर केली. मूळची एका कापडदुकानवाल्याच्या लेकीची. ती आता तीन लेकरांची माय. परवाच पेढे घेऊन आली होती. मीबी खाल्ला.

काहून केलं, विचारलं. तर म्हणले, "उरलेली पत्रिका माणूस मागते, भिकाबाई. न्हाई दिलं तर लिहिणाऱ्याच्या उरावर बसते. ज्याला वेळ न्हाई, ते मोकळं घर."

अन् हिरासिंगची मूळची कुणाची? म्हणले, माझी. स्वतःची वेळ त्यांनी सात वेळा सरकवली हाय. म्हणून नव्वद.

निताची सुरळी चुलीत घातली. जळली. राख मी डोळ्यानं पाह्यली.

२० डिसेंबर

सकाळी पेटी उघडली. सुरळी वरच. दोरा कोरा. धुराचा वास.

गुरुजींनी मोजल्या. एकेचाळीस.

२४ डिसेंबर

दिवसभर त्यांच्या पायाशी बसले. शिव्या दिल्या, हात जोडले, परत शिव्या दिल्या. शेवटी उपाय सांगितला. नाव खरवडायचं. दुसऱ्या बिनवेळेच्या माणसाचं पुरं नाव लिहायचं. खाली लिहितानाची वेळ टाकायची, मिनिटाला मिनिट. समोर घड्याळ पाह्यजे. जुनं नाव पुसलं अन् नवं पुरं झालं न्हाई, तेवढ्या वेळात सुरळी मोकळी, मिळंल त्या बिनवेळेच्या माणसावर बसते. तवा हात थांबवायचा न्हाई, खाडाखोड करायची न्हाई.

घरात घड्याळ एकच, भिंतीवरचं.

निताचं तोंड सुजलं. डोळ्यापुढं काजवे येतात म्हणते.

२७ डिसेंबर

पुसेगावची एक आली, राणी नावाची. तिचेबी दिवस भरत आलेले. पोरगा का पोरगी एवढंच पाहा म्हणली. मी जन्मवेळ विचारली. हसून म्हणली, आजी, आमच्यात कोण लिहून ठेवतं.

मी तिला पाणी दिलं. पुरं नाव विचारलं.

लिहिलं. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं.

२९ डिसेंबर

निताची सूज उतरली. आज भाकरी मागून खाल्ली. मला म्हणली, दादी, आता बरं वाटून राहिलं. मला जेवण गेलं न्हाई.

२ जानेवारी

राणीची माय आली. पोरीला झटके येऊन राहिलेत, हिंगोलीला नेलंय, शुद्धीत न्हाई. हातात एक पिवळी चिठ्ठी होती. राणी दवाखान्यात जलमली होती, वेळ छापलेली. राणीला ठावच नव्हतं, मायनं ट्रंकेत जपून ठेवली होती.

गुरुजी सांगत गेले, मी त्या वेळेची पत्रिका मांडली. राणीला स्वतःची वेळ मिळाली.

सांजच्याला निरोप, राणी उठून बसली. त्याच घडीला निता भिंतीला टेकली. पायाला बोट लावलं की खड्डा पडतो.

सुरळीवर परत निता. माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात. मी लिहिलं न्हाई.

पापाचा हिशेब नंतर. आता सवड न्हाई.

७ जानेवारी

बिनवेळेचं माणूस दूर कशाला शोधायचं. मी हायच की. गोण्या उतरवल्या अन् झाले.

लगेच लिहिलं तर पोरीला दवाखान्यात कोण नेईल? सेनगावला डाक्टरीण शनिवारीच येते, म्हणून बारा तारखेची जीप सांगून ठेवली. दवाखान्यात ठेवते. तिथं लेकराची वेळ लिहून देतात. सुईण मिराबाईलाबी बजावलं, वाटेत काही झालं तर आधी घड्याळ, मग नाळ. ती म्हणली, म्हातारीला जोशीपणा चढला. चढू दे. या लेकराला वेळ पाह्यजे. बिनवेळेचं एकबी माणूस आता आमच्यात जलमायचं न्हाई.

निताला सोडून परत येईन अन् सुरळीवर माझं नाव लिहीन. मरणाला भीत न्हाई. खाडाखोडीला भिते.

१० जानेवारी

गुरुजी पेटीपाशीच बसून असतात. सुरळ्यांवरून हात फिरवतात. आज म्हणले, बेचाळीसची जागा करून ठेवा.

११ जानेवारी, शुक्रवार

दुपार. निताला आजच कळा लागल्या. एक दिवस आधी. जीप गेलेली, दुसरी भरायला तास. मिराबाई आली, म्हणते हलवू नका, रगत जाऊन राहिलंय. लई जाऊन राहिलंय.

आता थांबता येत न्हाई.

भिंतीवरचं घड्याळ काढून इकडं चुलीपाशी घेऊन आले. सुरळी समोर. नाव खरवडलं. निताचं नाव गेलं तिच्यावरून. सुरळी मोकळी.

खाडाखोड चालत न्हाई. आधी इथं गिरवते, मग तिथं.

भिकाबाई हिरासिंग

बराबर. परत एकदा.

भिकाबाई हिरा

ओरडली. निता ओरडली, मग गप. मिराबाई म्हणते सुटली, निता डोळे उघडून राहिली, रगत थांबलं. थांबलं! मी सुरळीवर अजून काहीच लिहिलं न्हाई अन् रगत थांबलं—

लेकरू रडून राहिलं.

मिराबाई तिकडून विचारून राहिली, घड्याळ कुठंय, भिंतीवर न्हाई, वेळ काय सांगू—

घड्याळ माझ्यापाशी. माझ्या मांडीवर. रडणं कवा सुरू झालं? मी नाव गिरवत होते. चार वाजून सात. का सहा. का त्याच्या आधी—

चुकीची वेळ टाकली तर खऱ्या वेळेची पत्रिका उरंल, बेचाळिसावी. न्हाई टाकली तर लेकरू मोकळं घर. अन् सुरळी मोकळी.

गुरुजी उठले. भिंत न चाचपता चालत येऊन राहिलेत. विचारतात, नाव काय ठेवायचं.

सुरळीवर शाई उमटून राहिली. माझा हात इथं हाय, वहीवर. तिथं न्हाई. अन् अक्षर माझंच—

आधी माझं नाव. पुरं. आधी माझं—

भिकाबा

रडणं थां