तुरीच्या ओळी

अमरावती, ज्येष्ठ, शके १७८६

प्रिय माणिक,

तुझं पत्र पोचलं. तिसरा महिना लागला हे वाचून बरं वाटलं. इकडे तुझा भाऊ गोवर्धन जेवतो, शेतात जातो. दुसऱ्या लग्नाचं काढलं की उठून बैलांकडे जातो. तुझ्या बाबांनी लोकांचं हसू सोसून आपल्या दोघींना अक्षरं शिकवली, म्हणून हे मी स्वतः लिहू शकते. दुसऱ्याकडून लिहवून घेता आलं नसतं.

परदेशात कुठे लढाई लागली आणि कापसाचा भाव असा चढला, की दोन वर्षांमागे मीच गोवर्धनला म्हटलं, तुरीच्या ओळी कशाला, सगळा कापूसच पेर. तुला आठवत असेल, वेचणीत आपण बाया त्या उंच तुरीआड जायचो. तूर गेली, आडोसा गेला. कापूस कमरेएवढा आणि धुऱ्यावर, बांधाच्या वाटेने, दिवसभर गाडीवाले. मग उजाडायच्या आधी जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मधे पाणी प्यायचं नाही, हा नियम माझा. सुभद्रा नवी सून, तिने मुकाट्याने पाळला. मागच्या मार्गशीर्षात तिला उन्हाळी लागली. लघवी थेंबथेंब, तीही जळत. वेचता वेचता थांबून ती म्हणाली, "आत्याबाई, लय आग होऊन राह्यली. घोटभर पाणी पिऊ?" मी म्हटलं, "पेशीन त बसशीन कुठी?"

पुढे कमरेत कळा आल्या, हुडहुडी भरली. आठव्या दिवशी ती गेली. तुला मी थंडीताप म्हणून कळवलं. गोवर्धनलाही तेच माहीत आहे. पण गोदाबाई सुईण तिला पाहून गेली तेव्हा अंगणात मला फार बोलली. दिवसभर पाणी पीत राहायचं. लागली की जायचं, कोंडून धरायची नाही. धुताना पुढून मागे धुवायचं. महिन्याची फडकी लपवून दमट ठेवायची नाहीत, उन्हात कडक वाळवायची. एवढंच. माझ्या घरात यातलं एकही नव्हतं.

तुझ्या सासूबाई यंदा तूर पेरणार नाहीत, असं तू सहज लिहिलंस. वेचणीला तुला आठवा असेल. म्हणून हे पत्र. पेरणी अजून व्हायची आहे. त्यांना हे सगळं वाचून दाखव, माझ्या नावासकट. तुरीच्या चार ओळी मागून घे. नाही म्हणाल्या तर मी येते. इथे मी तुरीचं बी निवडून ठेवलं आहे. काल गोवर्धनने विचारलं, "यंदा तूर कावून?" हे पत्र रवाना झालं की त्याला सांगणार आहे.

तुझीच,
आई