देल्मिरोचा तुंबा

११ मार्च
लघवीची नळी काढून आठ दिवस. खोकलो – भिजलो. वाकलो – भिजलो. अर्धा बैल खांद्यावर घेणारा खाटीक मी, आणि आता कमरेला तान्ह्या पोरासारखा लंगोट! डॉक्टर म्हणतात, प्रोस्टेटमधली कॅन्सरची गाठ गेली, नशीब समजा. समजलो. गावात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंय.

१४ मार्च
क्लबच्या बाकावर गेलो. देल्मिरोनं नेहमीसारखा 'माते' चहाचा तुंबा भरून पुढे केला. तीस वर्षं एकाच नळीनं तो कडू काढा पितोय आम्ही. पण व्यायाम शिकवणाऱ्या यामिलानं मातेवर बंदी घातलीय, त्यानं लघवी जास्तच सुटते म्हणे. हात मागे घेतला.

"हर्नियाला माते चालत नाही? कुणाला शिकवतोस! माझ्या थुंकीची किळस यायला लागली म्हण ना सरळ!"

सगळे हसले. तो नाही हसला. तुंबा मलाच ओलांडून पुढच्याला दिला.

१९ मार्च
यामिलाचा वर्ग. दवाखान्यामागची खोली, पाच खुर्च्या, पाच म्हातारे. "काका, लघवी अडवल्यासारखं आवळा. श्वास नाही रोखायचा! दहा मोजा. आधी आवळायचं, मग उठायचं." माझं चारवर सुटतं. शेजारचा तिबुर्सिओ म्हणाला, "मी वर्षभर सारखा उठत होतो लघवीला. वय झालं म्हणून गप्प बसलो. गाढव!" शरमेनं घरी आलो. जेवलो नाही.

२ एप्रिल
सहावर सुटलं.

२० मे
कुंपणाबाहेरूनच बोचासचा, गोळे घरंगळवायचा खेळ पाहिला. देल्मिरो एका डावात तीनदा भिंतीमागे जाऊन आला. मंडळी ओरडली, "म्हाताऱ्या, नळ दुरुस्त कर!" मीही हसलो.

मग तिबुर्सिओ आठवला, तोही असाच सारखा उठायचा. देल्मिरोला दाखवून ये म्हणून सांगायला हवं. पण त्याला सांगायचं म्हणजे आधी माझं सांगायला हवं – लंगोट, सगळंच. बायको नेल्बा म्हणते, "सांग की! दोस्त ना तुझा?" बायकांना काय कळतंय.

आधी कोरडा होतो. मग त्याच्या बाकावर ताठ बसून, माते पिऊन सांगतो.

८ जुलै
दहा मोजले! वीस उठाबशा, नदीपर्यंत चालणं. संध्याकाळी मात्र शिंकलो आणि पँट गेली. देल्मिरो रस्त्यात दिसला, एका हातानं पाठ धरून चालत होता. मला बघून पलीकडे गेला. जा म्हटलं, गेलास उडत.

३ ऑक्टोबर
आठवडाभर कोरडा! यामिला म्हणाली, "काका, आता एक तुंबा चालेल." तिच्यासमोर रडलो, लाज नाही वाटली. थर्मास भरला, तडक क्लब. बाक रिकामा. देल्मिरो महिनाभर आलाच नाही म्हणे.

त्याच्या घरी गेलो. त्याच्या बहिणीनं दार उघडलं, बाजूला झाली. खाटेवर अर्धा उरलाय तो. माझाच रोग. त्याच्या मणक्यात उतरलाय. कापायची वेळ गेली.

मग सांगितलं सगळं. लंगोटासकट.

४ ऑक्टोबर
तो काय म्हणाला ते काल लिहवेना. "हर्निया म्हणालास, लेका. खरं बोलला असतास तर मीही दाखवून आलो असतो." मग तुंबा मागितला. माझ्याच उष्ट्या नळीनं प्यायला.