वणव्यात मेलेल्या बापाचं पत्र

प्रिय अपेक्षा,

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. भात झोडून झालं. इंद्रायणीचा वास घरभर आहे आणि तुझ्या वाटणीचं पोतं बाजूला काढलं आहे. कान्ह्याच्या स्टेशनापर्यंत मी आणून देईन, पुढे कुसगावपर्यंत तुझं तू ने.

दिवाळीत तू एक वही इथे विसरलीस. हॉटेलच्या कामाची असेल म्हणून उघडली, तर रविवारच्या तुमच्या त्या फाशांच्या, सोंग घेऊन गोष्ट खेळायच्या खेळातलं तुझं पात्र निघालं. ड्रुइड. रानाची राखण करणारी, वेळ पडली की अस्वल होणारी. अस्वलाचं मला काही नवल वाटलं नाही. तुला सकाळी उठवताना मी ते पाहिलेलं आहे.

पुढच्या पानावर तिचं घरदार होतं. देवाच्या रानातून आणलेली वाळकी काटकी तिच्या बापाने तिला भर उन्हात परत ठेवायला लावली, असं तू लिहिलंस. हे तर खरंच घडलेलं, तेव्हा तू सात वर्षांची होतीस. विटी करायला काटकी आणली होतीस आणि रडत रडत परत ठेवून आलीस. आपल्या देवराईतलं वाळलेलं पानसुद्धा घरी आणायचं नसतं, हे तुला त्या दिवशी कळलं. म्हणजे तो बाप मीच. खूश होऊन पान उलटलं, तर बाप वणव्यात मेलेला.

तुझी आई दोन दिवस घुश्शात होती. "जित्या माणसाला असं मारत्यात व्हय?" म्हणाली. शेवटी मी तुझ्या खेळातल्या मैत्रिणीला, मानसीला, फोन लावला. ती म्हणाली, पात्राचे आईबाप जिवंत ठेवले की खेळ चालवणारा गोष्टीत त्यांनाच पळवून नेतो, म्हणून सगळेच खेळणारे त्यांना आधी मारून टाकतात. म्हणजे मायेपोटीच मारलंस. आईला हे पटलं नाही, मला पटलं.

पण एक ओळ अजून टोचते. बाप गेल्यावरच तिला देवापुढे दिवा लावायला मिळाला, ही. बारा वर्षांची असताना तू विचारलं होतंस, आबा, यंदा देवराईतला दिवा मी लावू का? मी म्हणालो होतो, आपल्यात पुरुष लावतात, माझ्यामागे समर्थ लावेल. तुझ्या या चुलतभावाला त्या रानातल्या एकाही झाडाचं नाव येत नाही. तुला सगळी येतात. तू पुन्हा विचारलं नाहीस आणि मी समजलो, विसरलीस. चूक झाली माझी.

म्हणून हे पत्र. मार्गशीर्षातल्या उत्सवाला देवराईतला पहिला दिवा तू लावायचास. गावात सांगून टाकलं आहे. उत्सवाचं बघणारा दत्तोबा थोडा कुरकुरला, समर्थला तर सुटल्यासारखं वाटलं. चपला बाहेर काढून ये. तुझी ती ड्रुइड बूट घालून आत शिरते, ते काही मला आवडलेलं नाही. मी शेजारी तेलाची बाटली धरून उभा असेन. आपल्याकडे एवढ्यासाठी बापाने मरायची गरज नाही, पोरी.

तुझाच, वणव्यातून सुखरूप परतलेला,
आबा